बिनदिव्याची गाडी

सुलतानपूर, ता. मेहकर
१२ फेब्रुवारी १९६६

प्रिय रसूल,

पाकिटावरचं अक्षर पाहून हे पत्र तू न फोडताच बाजूला ठेवशील, हे गृहीत धरून लिहायला बसलो आहे. चौथीत मास्तरांनी माझ्या अक्षराला कोंबडीचे पाय म्हटलं होतं आणि सगळ्या वर्गात मोठ्यानं तू हसला होतास, तेव्हा ते तू विसरणार नाहीस. ठेव बाजूला. पण दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसेल, नूरबीवहिनी जेवण ठेवून आत गेल्या असतील, तेव्हा फोड. लांबलचक आहे. थोडक्यात लिहिणं मला कधी जमलं नाही आणि ही गोष्ट थोडक्यात लिहिण्यासारखी नाहीही.

येत्या चैत्रात दोन वर्षं होतील. एवढ्या दिवसांत आपण एकमेकांशी एक शब्द बोललो नाही आणि त्याचं कारण मी आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुंज्या पुन्हा भांडायला आला की काय अशी शंका तुला नको. भर बाजारात, तुझ्या दुकानासमोर उभा राहून मी जे बोललो ते मला परत घ्यायचं आहे. गाईनं गिळलेला खिळा मी एकदा पोट फाडून काढला होता, तू कंदील धरला होतास. ते काम मला यापेक्षा सोपं गेलं होतं.

आधी घरची खबर. तुझ्या वहिनीचा, गोजरबाईचा, मोडलेला हात जुळला, पण थंडीत ठणकतो आणि ठणकला की ती माझ्याकडे बघते. यंदा ज्वारी बरी आहे. आमची कोकिळा पिंपळगाव राजाला सुखात आहे, तिला मुलगा झाला. तिच्या प्रत्येक पत्रात शेवटी एक ओळ असते, रसूलकाका कसे आहेत. मी दर वेळी लिहितो, बरे आहेत. कशावरून लिहितो ते माझं मलाच ठाऊक. मेहकरहून येणाऱ्या यष्टीच्या कंडक्टरला विचारतो, रसूल बॅटरीवाल्याचं दुकान उघडं दिसलं का. तो हो म्हणाला की माझ्या मते तू बरा.

फटफटी चालू आहे. दिव्याशिवाय चालू आहे. तुझी बॅटरी काढली त्या दिवसापासून तिथलं पत्र्याचं खोकडं रिकामं आहे. डायनामोची तार सोडून बांधून ठेवली आहे. भोंगा नाही म्हणून समोर म्हशी आल्या की मीच ओरडतो आणि म्हशी माझा आवाज ओळखायला लागल्या आहेत. बुलढाण्याला बॅटरीची दुकानं आहेत, खामगावला तर तीन आहेत. माझ्यासारख्या रागावलेल्या माणसानं तिथून आणायला हवी होती की नाही? मी आणली नाही. का आणली नाही याचं उत्तर मी दोन वर्षं स्वतःला दिलं नाही, आज तुला देतो. दुसऱ्याच्या हातची बॅटरी त्या खोकड्यात बसली असती तर भांडण पक्कं झालं असतं.

तुला कामठी आठवते ना? अठ्ठेचाळीस सालचा मिलिटरीचा लिलाव, रांगेत उभ्या असलेल्या मातकट रंगाच्या गाड्या आणि आपण दोघं, जन्मात सायकलशिवाय काही न चालवलेले. मी नव्यानं ढोरांचा डॉक्टर झालो होतो, म्हणजे सरकारी कागदावर कंपाउंडर, पण गावोगावचे लोक डॉक्टर म्हणत आणि मीही नको म्हणत नसे. गाडी मी निवडली ती रंग पाहून. तू खाली वाकून, गुडघ्यावर बसून, बोटांनी चाचपून निवडलीस. तीन दिवस लागले आपल्याला घरी यायला. वाटेत तू मला जे शिकवलंस ते मी पुढे शंभर जणांना माझंच म्हणून सांगितलं आहे. तू म्हणाला होतास, “अबे पुंज्या, ठिणगी देते थे मॅग्नेटो. बॅटरी मेली तरी गाडी चालते. पण रातच्याले तुले घरी कोन पोचवते? बॅटरी पोचवते. इंजन गावाले नेते, दिवा घरी आनते.”

आणि त्रेसष्टचा तो पोळा. आधीची बॅटरी खंगून खंगून गेली होती, दिवा काजव्याएवढा राहिला होता. मी म्हटलं, दे एक मोठी, मोटारीची असते तशी, म्हणजे कटकट नको. तू मला हसलास. “पाच शेराच्या भांड्यात दहा शेर दूध बसंन का?” म्हणालास. डायनामो लहान, तो मोठ्या बॅटरीचं पोट भरू शकत नाही, मग ती कायमची अर्धपोटी राहते आणि अर्धपोटी बॅटरी लवकर मरते, हे मला तेव्हा कळलं. तू सुतळीनं खोकड्याची लांबी-रुंदी घेतलीस. सहा व्होल्टची, तीन घरांची, काळ्या कवचाची. तुझ्याकडे तशा दोन होत्या. दोन्ही हातांत एकेक धरून तू तोललीस, जड होती ती ठेवलीस. शिसं जास्त, म्हणालास. कुठल्या महिन्यात घडवली त्याचा शिक्का तू चष्मा लावून वाचलास. मग तेजाब भरून, ती थंड होऊ देऊन, दीड दिवस अगदी मंद चार्जवर ठेवलीस. मी घाई करत होतो. पहिलं दूध पाजायला घाई करायची नसते, एवढं तरी ढोरांच्या डॉक्टरला कळायला पाहिजे, असं तू मला ऐकवलंस.

बसवायला तू स्वतः सुलतानपूरला आलास. ओसरीच्या कडेला गाडी, खाली तू मांडी घालून बसलेला. खोकड्याच्या तळाला जुन्या ट्यूबचा रबर कापून घातलास, धक्का लागू नये म्हणून. या गाडीची अधिकची तार गाडीच्या लोखंडी अंगाला जाते, उलटी लावलीस तर डायनामो बसला, हे मला तीनदा सांगितलंस. टोकांना व्हॅसलीन फासलंस. मग तिन्ही टोपणं उघडून मला आत बघायला लावलंस. पट्ट्या बुडल्या पाहिजेत, वर करंगळीच्या नखाएवढं पाणी, बस. त्याच्यावर नाही. दर पंधरा दिवसांनी उघडून बघायचं, कमी असेल तेवढंच टाकायचं, आणि टाकायचं ते फक्त या बाटलीतलं. मेणानं बूच बंद केलेली ती काचेची बाटली तू माझ्या हातात दिलीस. मी हो हो म्हटलं. माझं हो हो तुला माहीत असायला हवं होतं रे.

तेव्हा आई उंबऱ्याशी बसून वाती वळत होती. तिनं विचारलं, “काय पाजून राह्यला रे तिले?” तू म्हणालास, “बडी माय, हिलेबी तहान लागते. पण लय नाजूक हाय. विहिरीचं पाणी चालत नाही, नदीचं चालत नाही. ज्या पाण्यात काहीच नाही असं पाणी पायजे. नाहीतर दिवा जाईन आन् तुवा पोरगा अंधारात राहीन.” तू थट्टेत म्हणालास. आईनं वाती वळायच्या थांबवल्या होत्या, हे मला आज आठवतं.

आईबद्दल तुला मी काय सांगायचं. तिचं सोवळं केवढं, हे तुझ्याएवढं कुणाला माहीत असणार. शाळकरी वयात तू घरी आलास की तुझी पितळी वेगळी असे, कोनाड्यात पालथी. तू स्वतः घ्यायचास, स्वतः घासून ठेवायचास. मला तेव्हा त्यात काही वाटायचं नाही, आता वाटतं. ती पितळी कोनाड्यातून कधी गेली ते मला सांगता येणार नाही, पण गाडी आणली त्या वर्षी तू तापानं आमच्या ओसरीवर आठ दिवस पडला होतास आणि आई तुझ्या तोंडाला पेज लावत होती, तेव्हा तिनं कुठली पितळी घेतली होती हे पाहायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ईदेला नूरबीवहिनींचा शीरखुर्म्याचा डबा यायचा. आई स्वतः खायची नाही, पण वाटायची तीच, आणि डबा कधी रिकामा परत जाऊ द्यायची नाही. आपलं भांडण झाल्यावरही डबा आला, दोन ईदांना आला. यष्टीतून, फडक्यात बांधून, वर “बडी माँसाठी” असं तुझ्या अक्षरात. माझ्यासाठी नव्हता तो. परवाच्या ईदेला आला नाही. मी दिवसभर यष्टीच्या थांब्यावर उगाच दोन चकरा मारल्या.

आता त्या दिवसाचं. चैत्राचा बाजार करून मी आणि गोजरबाई मेहकरहून निघालो, दिवेलागणीची वेळ. अर्ध्या वाटेत दिवा लाल झाला, मग गेलाच. ओढ्याचं वळण मला दिसलं नाही. मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, गोजरबाई दगडावर पडली. तिचं ते ओरडणं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पुढचा बाजार येईपर्यंत मी सात दिवस तो राग पाळला, रोज त्याला चारा घातला. आणि मग बॅटरी पोत्यात घालून तुझ्या दारात आणून आपटली. पन्नास माणसं जमली असतील. मी म्हणालो, “जुन्या पट्ट्यायले नवं खोकं घालून देलं यानं मले.” एवढ्यावर थांबलो असतो तर तू मला दोन शिव्या घातल्या असत्यास आणि संध्याकाळी आपण चहा प्यालो असतो. पण मी पुढे म्हणालो, “तुमच्या लोकायवर भरोसा ठेवला थेच माह्यं चुकलं.”

रसूल, चाळीस वर्षांत तू माझ्यासाठी कुठल्या लोकांचा नव्हतास. ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं मला माहीत नाही. पण आलं ते माझ्याच तोंडातून. तुझा चेहरा उतरला तो मला दिसला आणि तरी मी तोंड आवरलं नाही. मला त्याची शरम वाटते. हा शब्द मी इतक्या उशिरा लिहितो आहे याची जास्त वाटते.

तू खाली बसलास, पोतं सोडलंस. विचारलंस, “पाणी पाहत होता ना बे?” मी म्हणालो, “हाव. दर पंधरा दिसाले.” हे धादांत खोटं होतं. सात महिन्यांत मी एकदाही टोपण उघडलं नव्हतं. पंधरवडा जायचा, मी म्हणायचो उद्या बघू, आणि दिवा तर लागतोच आहे. तू पहिलं टोपण उघडलंस, मग मधलं. मधलं तू हातात धरून उलटं केलंस, जरा वेळ पाहिलंस, मग माझ्याकडे पाहिलंस. ते टोपण परत लावलंस आणि चांगलं आवळलंस. तिसरं उघडलंच नाहीस. म्हणालास, “घेऊन जाय पुंज्या. दुसरी देतो. माह्याकडूनच काही चुकलं असंन.”

बाजारानं ते कबुलीसारखं ऐकलं. मीही तसंच ऐकलं. दुसरी न घेता मी मेलेली बॅटरी परत पोत्यात घालून, छाती काढून निघून आलो. सुलतानपूरचे, बीबी गावचे रेडिओवाले मग तुझ्याकडे बॅटऱ्या चार्ज करायला यायचे बंद झाले, ते मला कळत होतं. एकदोघांनी मला येऊन सांगितलंही, डॉक्टर, तुमच्यामुळे आमचे डोळे उघडले. मी मान डोलावली. ती बॅटरी मी गोठ्यात, गव्हाणीखाली, पुरावा म्हणून जपून ठेवली होती. आई मात्र तेव्हा एवढंच म्हणाली, “रसूल असं करनार नाही रे. काऊन बोलला तू?” मी तिच्यावरही ओरडलो. ती परत त्या विषयावर बोलली नाही.

दिवा नाही म्हणून अंधार पडल्यावर मी कुठे जात नाही. गेल्या वर्षी बीबीचे भगवानराव सांजेला निरोप घेऊन आले, म्हैस अडली आहे. मी म्हटलं, सकाळी येतो. सकाळी गेलो तर म्हैसही गेली होती आणि रेडकूही. भगवानरावांनी मला चहा दिला. तो मी तसाच ठेवून उठलो. तुझं ते वाक्य आठवलं, इंजन गावाले नेते आणि काय ते. तेव्हाही मी घरी येऊन तुलाच शिव्या दिल्या. माणूस किती मूर्ख असू शकतो याचा अंदाज मला ढोरांत राहून कधी आला नसता.

कार्तिकात आई गेली. तू आलास. कडुनिंबाखाली उभा होतास, टोपी हातात धरून. लोक पांगायला लागले तसा मी तुझ्याकडे यायला निघालो होतो, खरंच निघालो होतो, पण मधे कुणीतरी हात धरला आणि वळून पाहिलं तर तू नव्हतास. पाणीही न घेता गेलास, असं गोजरबाई म्हणाली.

महिना झाला असेल, गोजरबाईनं आईची लुगडी काढली. चांगली होती ती वाटून टाकायची होती. एकेक उलगडता उलगडता ती म्हणाली, “उंदरानं खाल्ले वाट्टे.” मी पाहिलं. पदराच्या टोकाला, उजव्या हाताकडच्या बाजूनं, बारीक बारीक भोकं. एका लुगड्याला नाही, तीन लुगड्यांना. आणि प्रत्येक भोकाची कड तपकिरी, जळल्यासारखी. उंदराला कुरतडता येतं, जाळता येत नाही. अशी भोकं मी आयुष्यात एकाच माणसाच्या कपड्यांवर पाहिली आहेत. तुझ्या सदऱ्यांवर, रसूल. नूरबीवहिनी चिडून म्हणायच्या ना, याले नवा सदरा शिवनं म्हंजे तेजाबाले चारनं.

मी उठलो तो थेट गोठ्यात. पोतं काढलं. टोकांवर पांढरा फुलोरा, खोक्याच्या कडांनी ओघळ वाळलेले, म्हणजे कधीतरी आतून भरून वाहिली होती. पहिलं टोपण हातानं निघालं. मधलं निघेना. पक्कड लावावी लागली, इतकं कुणीतरी आवळलेलं. निघालं, उलटं केलं, तर आतल्या बाजूला तुळशीच्या मंजिरीचा तुकडा चिकटलेला. काळा पडलेला, पण दांडीला एक पान अजून होतं. मी गव्हाणीपाशी खाली बसलो. बैल माझ्या डोक्याला हुंगत होता.

मग फळीवरची तुझी बाटली काढली. बूच मेणानं बंद. तू दिलीस तशीच, काठोकाठ. गोजरबाईला विचारलं तेव्हा तिला आठवलं. एकादशीला मी दुपारी पडलो की आई देवघरातला तांब्या घेऊन गाडीपाशी बसलेली तिनं दोनतीनदा पाहिली होती. “मले वाटलं पूजा करून राह्यल्या,” म्हणाली. तिचंही चुकलं नाही. पोळ्याला आई गाडीला कुंकू लावायचीच की.

तो तांब्या तू ओळखतोस. लोणारच्या देवळापाशी पडणाऱ्या धारेचं तीर्थ, वर तुळशीची मंजिरी. वर्षातून एकदा बैलगाडीनं जाऊन आई ते आणायची आणि सांगायची, वर्षभर ठेवा, नासत नाही. घरात त्याच्याहून चोख पाणी तिच्या लेखी नव्हतं. कुणाच्या शेवटच्या घटकेला लागेल म्हणून जपलेलं ते पाणी ती दर एकादशीला माझ्या गाडीला पाजत होती. तू टोपणं कशी उघडलीस हे तिनं पाहिलेलं होतं. पोरगा बाटलीला हात लावत नाही हेही तिला रोज दिसत होतं. मग पोरानं केलं नाही ते तिनं केलं, आणि गडूभर केलं, हात आखडता घेतला नाही. पट्ट्या बुडल्या, घरं भरली, तेजाब वर येऊन वाहून गेलं, राहिलं ते धारेचं पाणी. त्यात दिवा किती दिवस लागणार होता? पदराला भोकं पडली तरी तिला कळलं नसेल की ती कशानं. ती काही न कळता गेली, याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

आणि मग मला तुझा तो चेहरा आठवला. हातात उलटं धरलेलं मधलं टोपण. तू पाहिलंस, आणि माझ्याकडे पाहिलंस. रसूल, तुला त्याच क्षणी कळलं होतं. तुळस तुझ्या दुकानात कुठून येणार? माझ्या हातची ती नाही हेही तुला कळलं असणार, कारण मी कधी देवघरात जात नाही. पन्नास माणसांत ते टोपण वर धरून “हे पाहा” एवढं म्हणायला तुला किती वेळ लागला असता? सगळा बाजार माझ्यावर हसला असता. पण हसत हसत तो माझ्या घरापर्यंत आला असता आणि डॉक्टरच्या आईनं, मंजुळाबाईनं, बॅटरीला तीर्थ पाजलं, सुनेचा हात तिच्यामुळे मोडला, हे गावच्या पोरापोरानं तिला ऐकवलं असतं. सत्तर वर्षांच्या बाईला ते सोसलं नसतं. म्हणून तू टोपण आवळून लावलंस आणि चूक आपल्या नावावर घेतलीस. मी तुला तुझ्या लोकांवरून बोललो त्यानंतर अर्ध्या मिनिटात तू हे केलंस. आणि दोन वर्षं दुकान ओस पडलं तरी कुणाला सांगितलं नाहीस, शीरखुर्मा पाठवत राहिलास.

हे तुझ्यासमोर उभं राहून मला बोलता येणार नाही. आणि बाजारात तर आईचं हे बोलताच येणार नाही. म्हणून पत्र लिहिलं. येत्या बाजारी मी येतो आहे. सकाळी, बाजार भरला असेल तेव्हा. तुझ्या दुकानासमोर, त्याच जागेवर गाडी लावीन आणि त्या दिवसाएवढ्याच मोठ्यानं सांगीन की बॅटरी नवी होती, चांगली होती, मी सात महिने टोपण उघडून पाहिलं नाही आणि रसूलनं विचारलं तेव्हा खोटं बोललो. त्या दुसऱ्या वाक्याचीही सगळ्यांदेखत माफी मागीन. आईचं नाव घेणार नाही. जे तू झाकलंस ते मी उघडं करायचं नाही, एवढं तरी मला कळतं. दोष माझाच होता. मी वेळेवर पाणी पाहिलं असतं तर तिला उठावंच लागलं नसतं. तुझी बाटली जशीच्या तशी सोबत आणतो. तू बॅटरी निवड, हातात तोलून निवड, आणि पंधरवड्याचं ते सगळं मला पुन्हा पहिल्यापासून सांग. या वेळी मी हो हो म्हणणार नाही. गोजरबाई मागे बसून येते म्हणाली आहे, दोन वर्षांत पहिल्यांदा. आईचं एक मऊ लुगडं तिनं नूरबीवहिनींसाठी घडी करून ठेवलं आहे, त्याच्या पदराला भोकं आहेत, ते वहिनींना तूच समजावून सांग. दुकान तेवढं उघडं ठेव, रसूल. दीड दिवसाचा चार्ज लागणार हे मला पाठ आहे, तेव्हा आम्ही मुक्कामालाच येतो आहोत. दुसऱ्या दिवशी दिवेलागण झाल्यावरच परत निघू.

तुझाच,
पुंजाजी